फोन उघडणाऱ्या मॅडम

"हात मागे!"

खराडीच्या आमच्या लॅबमध्ये मॅडमच्या टेबलाजवळ कुणीही गेलं की आधी हे ऐकावं लागे. गुन्ह्यात जप्त केलेले मोबाइल उघडून आतले पुसलेले मेसेज, फोटो बाहेर काढणं हे त्यांचं काम. मी त्यांचे अहवाल टाइप करायचो. एका जाडजूड इन्स्पेक्टरांनी विचारलं, "मॅडम, मीसुद्धा?"

"का? आपल्या बोटांना ठसे नाहीत?"

साहेबांनी शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधले.

मॅडमना माणसं फारशी आवडत नसत, हे सरळच सांगतो. आलेला मोबाइल त्या आधी धातूच्या पिशवीत टाकत. त्यात नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे बाहेर बसून कुणाला तो पुसता येत नाही. हवालदारांना हे त्या पुन्हा पुन्हा शिकवत आणि हवालदार पुन्हा पुन्हा विसरत.

वाघोलीची एक मुलगी सासरी मेली. नवरा म्हणे जिन्यावरून पडली. तिने मात्र आईला आधी सांगितलं होतं, "तो मारतो ते सगळं मोबाइलात रेकॉर्ड केलंय." दुसरा पुरावा नव्हता. आई आमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसून राही.

मॅडमनी फोन उघडला. आत काही नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की आईने चौकीत हवालदाराच्या हातापाया पडून म्हटलं होतं, "पोरीचा पडद्यावरचा फोटू येकदा दावा की." तो भला माणूस. त्याने फोन चार्जिंगला लावून चालू केला. नेटवर्क मिळताच 'सगळं पुसा' ही आधीच पाठवलेली आज्ञा आत शिरली. आज्ञा गेली होती मुलीच्याच खात्यावरून. पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असणार, पण ते सिद्ध कसं करायचं? कागदोपत्री तिने मेल्यावर आपला फोन आपणच पुसला होता.

मी म्हटलं, "मॅडम, आईला फोन बिघडला होता एवढंच सांगू या."

"कशाला? कोर्टात नवऱ्याचा वकील खरं काय ते सांगेलच."

त्या बाहेर गेल्या. "अहो, रेकॉर्डिंग होतं की नव्हतं, आता कधीच कळणार नाही. आपण फोटो बघायला फोन चालू करायला लावलात, त्यात सगळं गेलं."

"म्या?"

"आपणच."

मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही. नंतर त्यांनी स्वतः चहा आणून दिला. आईने तो घेतला नाही.

नवरा सुटला. खटला संपल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात फोन आईला परत मिळाला, तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो. तिने बटण दाबलं. पडदा उजळला, वर मोठ्या अक्षरात 'नमस्कार' आलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने फोन मॅडमपुढे धरला.

"काय म्हनतोय त्यो?"

मॅडमनी पाहिलं.

"नव्या मालकाला नमस्कार करतोय."