उतरलेला ताप

१४ डिसेंबर. सिस्टरबाईंचं सामान बांधलं: एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह. गोंडपिपरीच्या दवाखान्यात सहा वर्षं काढलेल्या बाईचं एवढंच निघालं. मी त्यांच्या हाताखालची सुईण, म्हणून बांधायला मीच.

बाळंतिणीला काही विचारण्याआधी बाई वाकळीखाली हात घालून तिची पावलं चाचपायच्या. पन्नाशीची बाई पोरसवदा सुनांच्या पायांना हात लावते, हे लोकांना खपलं नाही. मागून ‘पाया पडणारी’ म्हणत. हळदीकुंकवाला कोणी बोलावत नसे. “बाळंतीण लाजून ‘बरी हावो’ म्हणते. पाय लाजत नाई,” बाई मला सांगत आणि संध्याकाळी व्हरांड्यात एकट्याच बसत.

एकदा शेजारच्या खेड्यातली पाच दिवसांची बाळंतीण तापाने फणफणत आली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सासूने तिला घरी न्यायला लगेच बैलगाडी जुंपायला लावली. डॉक्टर चांद्याला गेलेले. बाईंनी पावलं धरली, छातीवरच्या पदराकडे पाहत श्वास मोजले.

“बैल सोडा. रक्तात विष गेलं.”

“ताप त उतरला न बाई! काऊन अडवून राह्यल्या?”

“अंगात तापायची ताकदच नाई उरली. तुमीच पाहा पाय.”

“सुनेच्या पायाले हात लावू? चार लोकांत?”

“मंग घरी न्या. लाकडंबी जमवून ठेवा.”

सासू वाकली. पावलं गार, चिकट. तेवढ्यात सुनेने विचारलं, “लेकरू कुठी आहे?” लेकरू तिच्या कुशीतच होतं. सासूने गाडीवानाला बैल सोडायला सांगितले.

डॉक्टरांची वाट न पाहता बाईंनी पेनिसिलिन सुरू केलं, दर तीन तासांनी. दोन दिवस खाटेपासून हलल्या नाहीत. पोर जगली. पण सासू सुनेच्या पाया पडली, ही गोष्ट लोकांनी आठवडी बाजारात महिनाभर चघळली. बारशाला मला बोलावणं आलं, बाईंना नाही. मी परतले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “पोरगी पोटभर खाते न आता?”

आता बाईंची सिरोंच्याला बदली झाली. मोटारीपर्यंत पोचवायला मी एकटीच होते.

१५ डिसेंबर. सकाळी त्याच खेड्यात गेले. लेकराचे डोळे आले होते. सासू अंगण सारवत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई गेली म्हणते?”

“गेल्या.”

“कोणाघरी जेवून गेली का?”

मी नाही म्हणाले, आणि लेकराच्या डोळ्यांत थेंब घातले.