पोत्याचे कान

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी बाजरीचं पोतं शिवलं ते. त्या साली तेवढं एकच पोतं झालतं. ऊसतोडीला जायच्या आधी ते शिवून माळ्यावर टाकायचं, म्हंजी उन्हाळ्यात परत आल्यावर खायला ऱ्हातं. मी पोत्याचे दोन्ही कान, म्हंजी तोंडाची दोन टोकं, ताणून धरायचो, ती दाभणानं टाके घालायची. कान नीट बसले की मी म्हणायचो, "हं, घाल." ती घालायची. लगीन झाल्यापासून असंच. दाभण माझ्या हातात कदी आलंच न्हाई.

"ताणून धरा की अवो," ती म्हणली. "सकाळी भाकरी खाल्ली न्हाई का?"

मी म्हणलं, "तू बोलती कमी आन शिवती जास्त, असं एकदा तरी कर."

तिसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत ती हंड्याशेजारी खाली बसली, ती परत उठली न्हाई.

तेरावा झाला आन मी मुकादमाकडं गेलतो. माझ्याच वयाचा गडी, एका फडात आमी ऊस तोडलेला. तो म्हणला, "कोयता म्हंजी जोडी. तू आता अर्धा कोयता हायेस बे. तोडशील तू, मोळ्या बांधायच्या कुणी?" खोटं बोलला न्हाई, म्हणून राग जास्त आला.

पोरगा आन सून चार दिवसांत ऊसतोडीला निघणार होते. पोरगा म्हणला, "आबा, तुमी नुस्तं फडावरच्या कोपीत बसून ऱ्हावा." मी म्हणलं, "मला गावात काम मिळालं तर येत न्हाई." त्यानं मान हलवली. कावून हट्ट करता, असं काय विचारलं न्हाई. बावीस साल आमी दर हंगामाला घराला कुलूप घालून गेलो. कुलूप घालताना ती दर साली म्हणायची, एक साल तरी हे दार उघडं ठेवून इथंच ऱ्हाऊ. म्हणून ते साल मला कुलूप घालायचं न्हवतं. एवढंच होतं.

काम बघायला नेकनूरला गेलो. कापड दुकानदारानं माझ्या पायाच्या भेगा बघितल्या आन म्हणला, "गिऱ्हाईक गादीवर बसतं, मामा." किराणावाल्यानं विचारलं, वाचता येतं का. सही येती म्हणलं. तो हसला न्हाई, तेवढं बरं केलं.

मग आमच्या सोसायटीचं दुकान उरलं. दुष्काळात तिथं जनावरांसाठी सरकी पेंड यायची. पूर्ण पोतं घ्यायची कुणाची ऐपत न्हवती, त्यामुळं अर्धं अर्धं भरून, तोंड शिवून द्यायला लागायचं. वाड्या-वस्त्यांवरचे लोक तेच सकाळच्या एसटीच्या टपावर टाकून न्यायचे. काम सकाळपासून बारापर्यंत. सेक्रेटरी पोराच्या वयाचा. "पोती शिवता येत्यात का, मामा?" म्हणला.

"सारा जलम पोतीच शिवली," म्हणलं. मला ते खरंच वाटत होतं.

"मग शिवा. गाडी उभी हाय."

रांगेत धा-बारा जण. बाहेर कंडक्टर घंटी मारायला लागला. मी अर्धं पोतं पुढं घेतलं, दोन्ही कान धरले, तोंड ताणलं, मान खाली घातली आन म्हणलं, "हं, घाल."

कुणी काय घातलं न्हाई.

"कुणाला म्हणताय मामा?" सेक्रेटरी म्हणला. दाभण वजनकाट्याशेजारी पडलं होतं. ते उचलावं तर कान सुटत होते. एक कान सोडून बघितला तर पेंड सांडली. रांगेतली एक धनगराची म्हातारी म्हणली, "दाजी, फोटो काढायला उभं ऱ्हायलात का? माझ्या मेंढ्या मरत्यात तिकडं." लोक हसले. मी तसाच धरून उभा. सोडवंना.

म्हातारीनं हसत हसत माझ्या तोंडाकडं बघितलं. तिनंच दाभण उचललं आन फटाफट टाके घातले. गाडी गेली.

सेक्रेटरी सांडलेली पेंड गोळा करत म्हणला, "उद्या एसटी यायच्या आत या. एकट्याला शिवता आलं तर ऱ्हावा. न्हाई तर दुसरा गडी बघतो, माझा नाईलाज हाय."

घरी शिवायला दुसरं पोतं न्हवतं. रिकामी पोती होती, पण रिकाम्याचं तोंड कसंबी शिवतं, भरल्याचंच अवघड. भरलेलं एकच होतं. मी सुनेला त्याला हात लावू दिला न्हवता. रेशनचे गहू खात होतो आमी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पोतं माळ्यावरून खाली घेतलं. तिची शेवटची गाठ सोडली. एक एक टाका उसवत गेलो, तसतसं तिचं शिवणं कळत गेलं. ती आधी कान पिळायची, त्याला दोन येढे द्यायची, मग तिरका टाका. इतकी वर्षं समोर उभा होतो, पण बघितलं कुणी?

पोतं भिंतीला टेकवलं, गुडघ्यात दाबलं. अंगठ्यात दाभण दोनदा घुसलं. सून दारात येऊन उभी ऱ्हायली. "आबा, मी धरू का?"

"धरायचं येतंय मला," म्हणलं. "शिवायचं शिकू दे."

वाकडं शिवलं. उसवलं. परत शिवलं. मग तिचं दाभण टोपीत खोचून दुकानात गेलो. एसटी आली न्हवती. सेक्रेटरीनं पेंड मापून पोतं पुढं सारलं. भिंतीला टेकवून मी ते गुडघ्यात धरलं, कान पिळला. तोंडातून "हं, घाल" आलंच.

सेक्रेटरीनं वर बघितलं. मी टाका घातला.