भिंतीवरून गेलेली पुडी

मी काही लिहावं इतका मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि तेही बारामतीला, कॉमर्सला. तरी कोंबड्यांच्या औषधावर लिहितोय, त्याची आधीच माफी मागतो. पण कळंबला आमच्याकडे पोरगं कॉलेजात गेलं, की त्याला सगळंच कळतं असं धरून चालतात.

आईच्या लाडक्या लाल कोंबडीला घरघर लागली. डोळे सुजले, दाणा टिपेना. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिकची पावडर दिली. पाच दिवस रोज पाण्यातून पाजायची, आणि ते सांगतील तोवर तिची अंडी खायची नाहीत.

शनिवारी मी घरी आलो, तर तिसऱ्याच दिवशी पाकीट रिकामं.

"उरलेली पुडी बांधून शेजारच्या काकूला दिली," आई म्हणाली. "आपली दाणं टिपाय लागली. तिची कोंबडी शिंकतीया. न्हाय कसं म्हणायचं?"

आमच्यात विरजण असंच भिंतीवरून जातं. मी चाचरत सांगितलं, की औषध अर्धवट सोडलं तर चिवट जंतू मागं राहतात, मग पुढच्या खेपेला तेच औषध त्यांना लागू पडत नाही.

"मग जा, तूच आण मागून."

काकूच्या दारात मी तीनदा खाकरलो.

"तुला बी घरघर लागली का रं?"

मी कसंबसं सगळं सांगितलं.

"दिलेलं इरजण कुणी परत मागतं व्हय? ह्येच शिकिवत्यात का कॉलेजात?" असं म्हणत तिनं चहाच्या डब्यामागून पुडी काढली. पुडी अजून उघडलेली नव्हती. "आन माझ्या कोंबडीचं काय?"

तिची कोंबडी पाटीत झाकून मी डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, हिला औषध नको, खुराड्यातलं उसाचं धुळकट पाचट तेवढं बदला.

रविवारी मी बारामतीला परतलो. आईनं औषध पुरं केलं का, याचाच घोर. मंगळवारी तिचा फोन आला. आधी उसाचं पाणी, मग म्हैस, मग मामाचा ट्रॅक्टर. शेवटी मीच विचारलं, "लाल कोंबडी?"

"ती व्हय? पाची दिवस पाजलं बाबा. आज भिंतीवरनं उडून काकूच्या परड्यात जाऊन बसली. अंडं घातलं तर खाऊ नगं, म्हणून सांगून आले. तर काकू म्हणतीया, अंडं तू ने, कोंबडी काय मी आता परत देत न्हाय."