ओढीची फळी, वाऱ्याची फळी

येलदरी धरणाच्या पाण्यावर ज्याला फळी निवडता येत नाही त्यानं काठावर बसून शेंगा फोडाव्यात, असं माझे वडील म्हणायचे. मला निवडता यायची. त्यांनीच शिकवली होती, म्हणून तर अजून अंगाची आग होते.

पाण्यावर उभं राहून जायला आमच्याकडं दोन तऱ्हेच्या फळ्या असायच्या. सकाळी मच्छीमार सोसायटीची लाँच दोरी लावून आम्हाला जाळ्यांपर्यंत ओढत न्यायची, तेव्हा ओढीची फळी घ्यायची. ती आखूड, जड, तोंड वर वळलेलं, म्हणजे लाटेत नाक खुपसत नाही. परतताना लाँच थांबत नसे. मग सोबत नेलेली वाऱ्याची फळी काढायची. ती लांब, सपाट, कडेला पातळ. बांबूला बांधलेल्या धोतरात वारा भरला की तिची कड पाणी धरते आणि माणूस ठरवलेल्या जागी पोचतो. ओढीच्या फळीला तशी कड नसते. पुढं दोरी आहे तोवर ती शहाणी, वाऱ्यावर सोडली की आडवी घसरत जाते.

दसऱ्याला लाँच बंद. नुसत्या वाऱ्यावर निघायचं, आणि बुडालेल्या गावातल्या वाळक्या बाभळीच्या शेंड्याला जो पहिलं फडकं बांधील, त्या जागेवर वर्षभर जाळं त्याचं. मला कळायला लागल्यापासून तिथं वडिलांचंच फडकं होतं. त्या साली त्यांचा गुडघा गेला. भाऊ मला नाही. मी सतरा वर्षांची, चार वर्षं त्यांच्यासोबत जाळं ओढलेली. म्हटलं, मी जाते.

"जा की," वडील म्हणाले. "फडकं तू बांधलं तर पालमच्या स्थळाला न्हाई म्हणून टाकू."

त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून एस्ट्या सारख्या बंद असायच्या, म्हणून पालमचे पाहुणे दोनदा येता येता राहिले होते. मला ते बरंच वाटलं होतं. कोरडवाहू गावात जाऊन मी काय करणार होते?

दसऱ्याला वारा आडवा होता. मी सपाट फळीला हात घातला, तर चुलतभावानं तो धरला.

"लाटा लय हायेत. ही नाक खुपसंल. ती वळलेली घी."

मी वडिलांकडं बघितलं. "दादा म्हणतो ते आयक," ते म्हणाले.

मला कळत होतं. पण वडील म्हणाले ना, मग मी माझं कळणं बाजूला ठेवलं.

पन्नास हात गेले नसेन, फळी घसरायला लागली. धोतर कसंही धरलं तरी बाभळ एकीकडं आणि मी दुसरीकडं. काठावरचे हसायलेत, पोरीला वारा पळवून नेतोय म्हणून. तेवढ्यात माझ्या शेजारून त्याच सपाट फळीवर चुलतभाऊ गेला. तो या वर्षी उतरणार हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं मान वळवली नाही. त्याचं फडकं बांधून झालं तरी मी चिखलात फळी ओढत काठाला यायलेच होते. त्याच्यावर इतका संताप आला की रडूही येईना.

दुपारी तो आमच्याकडंच जेवायला बसला. आई वाढत होती, मी भाकरी थापत होते. वडील त्याला म्हणाले, "कडेला तेल पुरलं का रं?"

"पुरलं काका."

करडईचं तेल. आदल्या दिवशी वडील तासभर अंगणात बसून सपाट फळीची कड चोळत होते, आणि मी ते माझ्यासाठी समजून सुखानं घर सारवत होते.

"ते माझ्यासाठी न्हवतं?" मी विचारलं.

"पाणी भावकीत ऱ्हायलं पाह्यजे," वडील ताटाकडं बघत म्हणाले. "तू आज ना उद्या जाणारच."

तव्यावरची भाकरी करपली.

उन्हाळ्यात मला पालमला दिलं. इथं दोन घागरींसाठी हापशावर सकाळ जाते. वडील येतात, चहा घेतात आणि दर वेळी विचारतात, पाण्याची आठवण येते का गं.

न्हाई, म्हणते. तोंडावर खोटं बोलायचंही मी त्यांच्याकडूनच शिकले.