पुढचं वाचलं का?

ज्या बाईनं माझ्या हातातलं बायबल ओढून घेतलं होतं, ती आज सकाळी गेली.

विमलमावशी. कामठीची. नागपूरच्या एका हॉस्पिटलात जन्मभर आया होती.

नात्यानं माझी कोणी नाही. पण मला बायबल वाचायला तिनं शिकवलं.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांच्या हार्टचं ऑपरेशन ठरलं. मी घरून बायबल नेलं. लग्नात मिळालेलं. खराब होऊ नये म्हणून वरचं प्लास्टिकचं कव्हरसुद्धा काढलं नव्हतं.

ते ह्यांच्या उशीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. डोळे मिटले, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. आमच्याकडे पुष्कळ जण असंच वचन काढतात.

बोटाखाली निघाला एक आजारी राजा. त्याला देवाचा निरोप आलेला, घराची निरवानिरव कर, तू यातून उठणार नाहीस.

मी व्हरांड्यात येऊन रडत बसले. त्या वॉर्डातली मावशी, आदल्या दिवशीच ओळख झालेली, बेडपॅन घेऊन चालली होती.

"काहून वं, रडून काहून राहिली?"

मी ती ओळ दाखवली. तिनं बेडपॅन खाली ठेवलं, हात धुऊन आली आणि पुस्तक ओढूनच घेतलं.

"पुढचं वाचलं का?"

"नाही."

"मॅट्रिक आहेस म्हणते ना तू? अन् एका ओळीवर रडते? तो राजा भिंतीकडे तोंड करून रडला, तं देवानं त्याले पंधरा वर्षं वाढवून देल्ली!"

माझा चेहरा खुलला असणार. तशी लगेच म्हणाली, "पण तेही तुह्या नवऱ्याचं नाही. दुसऱ्याच्या फाईलमधला रिपोर्ट आहे तो. त्याच्यावरून रडाचं नाही, अन् नाचाचंही नाही."

"मग काय वाचू?"

"येशूची गोष्ट सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, त्यातलं सगळ्यात लहान घे. पहिल्या पानापासून. थोडंसंच, पण मोठ्यानं. अन् मंग स्वतःले विचार, मी इथं कुठं उभी आहो?"

ड्यूटी संपली की ती पाच मिनिटं येऊन ऐकायची.

ऑपरेशनच्या सकाळी गोष्ट आली ती येशू होता त्या घराचं छप्पर उघडून खाटेसकट खाली सोडलेल्या रोग्याची. चौघांनी त्याला उचलून आणलेलं. तो स्वतः एक शब्द बोलत नाही. येशूनं त्याला बरं केलं, ते आणणाऱ्यांचा विश्वास पाहून.

मी थांबले. पुन्हा वाचलं.

आणणाऱ्यांचा!

आमचे हे कधी प्रार्थना न करणारे. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

"कुठं उभी आहेस वं?" मावशीनं विचारलं.

"खाटेचा एक कोपरा धरून."

ती दुसरा कोपरा धरल्यासारखी बाजूला बसून राहिली.

कुठलं ते दोन हजार वर्षांपूर्वीचं घर, आणि मी त्याच्या छपरावर.

हे बरे होऊन घरी आले. मी प्लास्टिक काढून टाकलं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं शिवून वही केली. रोज थोडं वाचायचं आणि जे भेटलं ते एका ओळीत लिहायचं.

मागच्या शुक्रवारी कामठीला गेले. मावशी पार सुकली होती. म्हटलं, काही वाचून दाखवू?

"माह्यासाठी नको. आज तू तुह्यासाठी काय वाचलं ते सांग."

खरं तेच सांगितलं. "बसच्या घाईत राहून गेलं, मावशी."

"बस सुटली असती तं दुसरी आली असती. माहं पुस्तक घे, बाहेर बस, वाचून ये."

श्वास पुरत नव्हता, पण दटावणं तेच.

मी बाहेर बसून वाचलं. आत आले तर तिचा डोळा लागलेला. तिची मुलगी म्हणाली, झोपू द्या तिला, कालपासून झोपली नाही. मी परत निघाले.

सांगायचं राहिलं. म्हणून इथं सांगते.

मावशी, मी त्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचली. घरात रडारड चाललेली. येशू म्हणतो, ती झोपली आहे. लोक त्याला हसतात. तो तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते.

एवढं मला लहानपणापासून पाठ होतं.

पण त्यानंतर तो घरच्यांना सांगतो, हिला काहीतरी खायला द्या.

मेलेल्या लेकराला उठवणारा प्रभू. आणि तिला भूक लागली असेल, हे त्याच्या लक्षात आहे!

इतक्या वर्षांत कितीदा त्या ओळीवरून गेले असेन. तुझ्या ओसरीत पहिल्यांदा दिसली.

झोप मावशी.

तो हात धरून उठवील, तेव्हा भेटू.