गॅलनला किती मैल

आठ सिलिंडरांची मोठी अमेरिकन मोटार एका गॅलन पेट्रोलवर खरोखर किती मैल जाते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी एक आख्खा रविवार खर्च केला. खरे सांगायचे तर उत्तर मला आधीच ठाऊक होते. ते मला एका विशिष्ट माणसाच्या तोंडून, साक्षीदारांसमोर वदवून घ्यायचे होते.

त्या काळी पेट्रोल गॅलनने मिळे आणि रस्ते मैलांनी मोजले जात. मी बेंगळुरातल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, रेशमाच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. व्यापारीही आमच्यासारखाच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घराण्यातला. त्याने ही लांबरुंद मोटार जुनी म्हणून विकत घेतली, तेव्हा विकणाऱ्याने तिचे मायलेज गॅलनला अठरा सांगितले होते. अण्णांच्या वहीत मात्र दर महिन्याला नऊ येत असत. व्यापाऱ्याने अठरातून नऊ वजा केले आणि उरलेले पेट्रोल अण्णा रबरी नळीने काढून विकतात, असा निष्कर्ष काढला. त्याच दिवशी त्याने अण्णांकडून गाडीची किल्ली काढून घेतली.

नोकरी गेली, ते एक वेळ सोसले असते. पण त्याने ही गोष्ट क्लबातही सांगितली. तिथल्या एका डॉक्टरांनी अण्णांना ठेवून घेण्याचे कबूल केले होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकरवी नकार कळवला. त्यानंतर आठ महिने गावात कोणी अण्णांच्या हाती गाडी दिली नाही. ते पेट्रोल चोरत नाहीत, एवढे एक वाक्य सिद्ध झाले असते तर त्यांना काम मिळाले असते. त्या आठ महिन्यांत मी व्यापाऱ्याचे वाईट व्हावे असे रोज, नेमाने, चिंतीत असे.

मग व्यापाऱ्याने मोटार विकायला काढली आणि ती घ्यायचे त्याच डॉक्टरांनी मनावर घेतले. डॉक्टर आमच्या शाळेच्या कमिटीवर होते. मी कोणाचा मुलगा, हे त्यांना माहीत नव्हते. मी म्हणालो, "डॉक्टर, घेण्याआधी मायलेज मोजून घ्या. मी मोजून देतो."

"तो अठरा म्हणतो."

"म्हणू द्या. आपण भागाकार करू."

रीत सोपी आहे. डॅशबोर्डावरच्या पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. गाडी सपाट जागी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरावी, भरताना गाडी हलवावी म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. मैलांचा आकडा टिपून घ्यावा. गाडी चालवून त्याच पंपावर, त्याच जागी परत आणावी आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरावी. दुसऱ्यांदा जेवढे पेट्रोल मावले, तेवढे जळले. मैलांचा काटाही खोटे बोलू शकतो, म्हणून तो रस्त्यालगतच्या मैलाच्या दगडांशी ताडून पाहावा.

मी एक अट घातली होती: गाडी मालकानेच चालवावी. म्हणजे ड्रायव्हरकडे बोट दाखवायला जागा राहणार नाही. रविवारी डॉक्टर पुढे त्याच्या शेजारी बसले. व्यापारी खुशीत होता. "बसा हो मास्तर, मागं बसा. गादी बघा, पलंग आहे पलंग!" तो मला ओळखत नव्हता. अण्णा त्याच्याकडे चार वर्षे होते. त्यांना मुलगा आहे का, हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

पहिली फेरी होसकोट्यापर्यंत जाऊन परत. मोकळा रस्ता, बेताचा वेग. दगडांप्रमाणे चौतीस मैल झाले. पंपावर टाकीत अडीच गॅलनांहून थोडे जास्त मावले. मी वहीतला आकडा वाचून दाखवला: "तेरा."

"स्वल्प कमी आलं," व्यापारी म्हणाला. "वारा समोरून होता."

"जाताना समोरून आणि येतानाही समोरून?" डॉक्टरांनी विचारले.

दुसरी फेरी गावातली. छावणीतून क्लबावर, तिथून बसवनगुडी आणि परत पंप. क्लबाच्या पोर्चमध्ये गाडी थांबवून व्यापारी डॉक्टरांना म्हणाला, "चला, कॉफी घेऊ." तो उतरला, पण इंजिन बंद केले नाही. ही त्याची जुनी शिस्त होती. गरम झालेली ती मोटार लवकर सुरू होत नसे, आणि चारचौघांसमोर तिने खोकावे हे त्याला खपत नसे. म्हणून तो आत पत्ते खेळे आणि बाहेर अण्णा चालू इंजिन राखत बसत. एक मैलही न जाता पेट्रोल जळत राही, आणि अण्णांच्या वहीत नऊ येत.

मी चाळीस मिनिटे त्या मोटारीत बसून होतो. किल्ली माझ्या हाताच्या अंतरावर होती. प्रामाणिक परीक्षकाने आत जाऊन सांगायला हवे होते की इंजिन चालू राहिले आहे. मी घड्याळ पाहिले, वहीत वेळ लिहिली आणि स्वस्थ बसलो. त्या घरघरीइतका गोड आवाज मी त्या वर्षात ऐकला नव्हता.

पंपावर बारा मैलांना जवळजवळ दीड गॅलन मावले. "साडेआठ," मी म्हणालो.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "आणि तुम्ही मला अठरा सांगता?"

"अहो डॉक्टर, आठ सिलिंडर आहेत!" व्यापाऱ्याचा आवाज चढला. "गावात फिरायचं, क्लबात तासभर उभी ठेवायची, उभ्या उभ्या पिणारच ती. गावात नऊच्या वर कुठली मोठी गाडी देते?"

"नऊच्या वर देत नाही?" मी विचारले.

"नाही म्हणतो ना!"

"मग इथे लिहून द्या." मी वही पुढे केली. त्याने रागातच तेवढे लिहून सही ठोकली. पंपावरच्या माणसानेही खाली अंगठा उठवला. मग मी म्हणालो, "तुम्ही काढलेल्या ड्रायव्हरच्या वहीतही नऊच होते. मी त्यांचा मुलगा."

डॉक्टरांनी व्यापाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढेच ते कानडीत म्हणाले आणि चालत घरी गेले.

मी तिथे थांबायला हवे होते, असे पुढे पुष्कळांनी सांगितले. मी थांबलो नाही. त्या पानाच्या चार प्रती काढल्या, डॉक्टरांकडून खऱ्या असल्याचा शेरा घेतला आणि डॉक्टरांखेरीज ज्या आणखी तिघांनी अण्णांना नकार दिला होता त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिल्या. चौथी क्लबातल्या ड्रायव्हरांच्या बाकावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांनी वाचली होती. व्यापाऱ्याची ती मोटार पुढे तीन वर्षे कोणी विकत घेतली नाही. शाळेत जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून ती त्याच्या फाटकात उभी आहे ना, हे पाहत असे. उभी दिसली की तो दिवस बरा जाई.

त्या रविवारी मी अण्णांना सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"चाळीस मिनिटं चालू ठेवलंस?"

"हो."

"प्लग काळे झाले असतील. किल्ली फिरवायला काय झालं होतं तुला?"

"अण्णा, त्याने तुम्हाला चोर म्हटलं!"

"त्याने म्हटलं. इंजिनाने काय केलं होतं?"

बुधवारी डॉक्टर आमच्या दारात आले, एक लहान, चार सिलिंडरांची गाडी घेऊन. जोडे बाहेर काढून त्यांनी अण्णांची माफी मागितली आणि किल्ली पुढे केली. अण्णांनी किल्ली घेण्याआधी बॉनेट उघडून तेलाची पट्टी पाहिली. व्यापाऱ्याला मात्र मी माफ केलेले नाही. तो गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. माझ्या मतात त्याने फरक पडलेला नाही.

माझे आकडे राग मनात असलेल्या माणसाने घेतलेले आहेत, हे वाचकांनी विसरू नये. म्हणून विनंती आहे की ते तसेच मान्य करू नयेत. एखादी मोठी गाडी मिळाली तर टाकी गळ्यापर्यंत भरावी, एकदा मोकळ्या रस्त्याने आणि एकदा गावातून चालवावी, पुन्हा भरावी आणि भागाकार आपण स्वतः करून पाहावा.