पंपाचा आवाज

गावाबाहेरच्या त्या पंपाच्या कारखान्यात नवं काही करायचं म्हटलं, की विचारायला माणूस नसे. म्हणून मालकीणबाई चालत्या पंपाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून दूरच्या शहरातल्या, पंपांचे जाणकार असलेल्या म्हाताऱ्या मास्तरांना पाठवत. "पात्याचा कोन कमी करा," असं एका ओळीत उत्तर येई, आणि ते कधी चुकत नसे.

यंदाचा पंप अगदी बिनआवाजी झाला, म्हणून बाई आभार मानायला स्वतः गेल्या. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. आत भिंतीवर मास्तरांच्या फोटोखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती.

"मग उत्तरं कोण देत होतं, काकू?"

"मीच. चाळीस वर्षं जेवताना हे पंपांचे आवाज तोंडाने काढून त्यांतले दोष समजवायचे, तेच कानांवर पडायचे. चुकलं एवढंच, की तुमचा पंप पार गप्प करून बसले. आता या घरात मी काय ऐकू?"